न पडणारी दाढ

“दुधाचीच दाढ ना डॉक्टर? पडेल की!” किडलेल्या दाढेचे मूल घेऊन आलेले पालक मला हमखास असे म्हणतात. पुष्कळदा ती दाढ कायमची निघते!

दुधाचे २० दात साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात व अडीच-तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, वर-खाली दोन्ही बाजूंना, एकेक कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कुणाला कळतच नाही. तिच्या खाचांत अन्न अडकते, कीडही लवकर लागते.

मूल पहिलीत गेले की उजेडात त्याचे तोंड पाहा. सुळ्यामागे दुधाच्या दाढा दोनच असतात. तिसरी दिसली तर ती कायमची. तिच्यावर काळा ठिपका दिसल्यास दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवावे.