अंथरूण पाहून टेबल

आपल्याकडे गोधडी शिवायला टेबल लागत नाही. जमिनीवर जुनी लुगडी पसरायची आणि कडेने धावदोरा घालत आत आत यायचे. शिवणारी बाई गोधडीवरच बसते, हात पुरेनासा झाला की सरकून पुढे जाते. गोधडी केवढी व्हायची हे लुगडे ठरवते. लुगडे संपले, प्रश्न संपला.

अमेरिकेत गोधडीची चुलत बहीण 'क्विल्ट' या नावाने नांदते. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मधे कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा भराव, खाली अस्तर. हे तिन्ही थर शिवणीने एकजीव करायचे. घरच्या शिलाई मशीनवर हे करायचे तर सगळा बोजा सुईखालून ढकलावा लागतो. पलंगभर क्विल्ट ढकलताना खांदे भरून येतात. म्हणून लाँगआर्म मशीन आले. यात कापड लांबलचक चौकटीवर रुळांना ताणून बांधतात. कापड जागच्या जागी राहते आणि मशीनच चाकांवर चारी दिशांना फिरते. त्या चौकटीला म्हणायचे टेबल.

अनेक जणी वरचा थर स्वतः हौसेने जोडतात आणि शिवणीसाठी लाँगआर्मवालीकडे देतात. न्यू जर्सीला असलेल्या माझ्या पुतणीने नोकरी गेल्यावर हाच व्यवसाय करायचे ठरवले आणि फोनवर मला विचारले, "काका, टेबल दहा फुटी घेऊ की बारा फुटी? सगळे म्हणतात, परवडेल तेवढं मोठं घे."

मी म्हटले, "आधी खोलीचं माप सांग."

ही खोड बँकेची. इचलकरंजीला असताना यंत्रमागांच्या कर्जासाठी शेड पाहायला गेलो की माग मी नंतर मोजायचो. आधी पाहायचो, दोन मागांमधून माणूस सुखाने जातो का. सुताचा बीम आणायला आणि जॉबरला वाकायला वाट नसेल, तर अर्जात लिहिलेले उत्पादन अर्जातच राहते.

पुतणीची खोली निघाली चौदा फूट बाय अकरा. टेबलाची खोली साधारण पाच फूट धरू. मशीन पुढून चालवतात तसेच मागूनही चालवतात. कागदावरची नक्षी गिरवायची असेल तर मागेच उभे राहावे लागते. तेव्हा दोन्हीकडे तीन-तीन फूट हवेत. झाले अकरा. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडले की दहा फुटी टेबल चौदा फुटांत चपखल बसते. बारा फुटी बसवायचे तर मधली भिंत पाडावी लागणार होती. भिंतीपलीकडे होती तळमजल्यावरची एकुलती एक झोपायची खोली, न्हाणीघरासकट. ती ठेवलेली होती तिच्या सासूबाईंसाठी. त्यांचे गुडघे जिना चढू देत नव्हते आणि कोल्हापुरात आता त्या एकट्याच उरल्या होत्या. म्हणजे वाद वरकरणी दोन फुटांचा असला, तरी त्या दोन फुटांत एक माणूस राहणार होते.

मग आम्ही क्विल्टचा हिशेब मांडला. दहा फुटी टेबलावर दहा फूट शिवता येत नाही. मशीनची स्वतःची रुंदी आणि टोकांचा भाग वजा जाता फूटभर कमी धरावे. उरले 108 इंच. शिवाय अस्तर क्विल्टपेक्षा चारी बाजूंनी चार-चार इंच मोठे लागते. अमेरिकेतली 'क्वीन' गादी 60 बाय 80 इंच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा इंच लोंबते सोडले तर क्विल्ट 90, अस्तर 98. दहा फुटीत आरामात बसते. 'किंग' गादी 76 बाय 80. क्विल्ट 106, अस्तर 114. इथे दहा फुटी टेबल हात टेकते, आणि विक्रेता नेमके इथेच बोट ठेवतो.

पण टेबल क्विल्टची एकच बाजू मोजते. दुसरी रुळावर गुंडाळत जाते. तीच किंग क्विल्ट आडवी घातली तर? गादीची लांबी 80, पायथ्याला पंधरा, म्हणजे 95. अस्तरासह 103. बसली की! अडचण एवढीच की नक्षीला डोके-पाय असतील, झाडे किंवा पक्षी असतील, तर ते आडवे पडतात. वेलबुट्टीला आणि वर्तुळांना ती चिंता नाही.

"मग मला नाही म्हणावं लागेल अशी कामं किती येतील?" तिने विचारले. मी तिला ओळखीच्या दोन लाँगआर्मवाल्यांच्या वर्षभराच्या वह्या पाहायला सांगितले. बहुतेक कामे बाळांच्या दुपट्यांची, सोफ्यावर पांघरायच्या क्विल्टची आणि क्वीन मापाची निघाली. सरळच घालाव्या लागतील अशा थोराड क्विल्ट बोटांवर मोजण्याइतक्या.

उरलेले पैसे तिने दोन गोष्टींवर खर्च केले. एक म्हणजे सुईपासून मशीनच्या पाठीपर्यंत जास्त अंतर असलेले मशीन. कारण शिवलेला भाग त्याच पोकळीत गुंडाळला जातो, आणि गुंडाळी जाड होत गेली की शिवायला जागा आखडते. दुसरी म्हणजे उंची बदलता येणारे पाय. दिवसभर उभ्याने काम करायचे, तर टेबल कोपराच्या उंचीशी जुळले पाहिजे. ते पाणसळीत बसवायला मात्र मी तिला बजावले. उतार असेल तर मशीन आपणहून घरंगळते आणि टाका बिघडतो.

मोठे यंत्र घेऊन बुडालेले कर्जदार मी पाहिले आहेत, तसे लहान यंत्रामुळे संधी हुकलेलेही. कोणते खरे, याला सूत्र नाही. पण रोजचे काम काय, हे वह्या सांगतात, आणि यंत्राभोवती कोण वावरणार, हे घर सांगते. वर्षातून चारदा येणाऱ्या कामासाठी रोज राहणाऱ्या माणसाची भिंत पाडू नये.

अजूनही एखादी भलीमोठी, झाडापाखरांची क्विल्ट येते आणि पुतणी ती पलीकडच्या गावातल्या बारा फुटी टेबलवालीकडे पाठवते. त्या कामाचे पैसे जातात. त्याची रुखरुख तिला वाटते, आणि वाटावीही. सासूबाई मात्र भिंतीपलीकडून मशीनचा आवाज थांबला की हाक मारतात, "चहा टाकू का गं?"