मेयो : एका गुणाने

इंटर-विंग मॅचमध्ये कोणी बाहेरचा प्लेअर घुसवला की आपल्याकडे भांडण ठरलेलंच. आयर्लंडमधल्या गेलिक फुटबॉलचा सगळा पायाच यावर आहे. ज्या काउंटीचे (जिल्हा समजा) तुम्ही, तिच्याकडूनच खेळायचं. खेळाडू विकत घेता येत नाही आणि खेळाडूला पगारही नाही. दिवसा शाळेत शिकवायचं, संध्याकाळी प्रॅक्टिस.

टीम १५ जणांची, बॉल हातात घेतलेला चालतो. गोलपोस्ट 'एच' अक्षरासारखा. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला तर ३ गुण, वरून गेला तर १. (२०२५ पासून लांबून वरून मारलेल्या किकला २ मिळतात.) हा १ गुण लक्षात ठेवा, कारण मेयोची सगळी गोष्ट त्यातच अडकली आहे.

मेयो ही पश्चिम किनाऱ्यावरची काउंटी. १९३६, १९५० आणि १९५१ साली ऑल-आयर्लंड चॅम्पियन. त्यानंतर १९८९ ते २०२१ या काळात टीम ११ वेळा फायनलला गेली आणि अकराही वेळा हरली!

लोक म्हणतात, शाप आहे. १९५१ ला कप घेऊन परतताना टीम फॉक्सफर्ड गावातून नाचत-गात गेली. तिथे एक अंत्ययात्रा चालली होती, तिच्यासाठी कुणी थांबलं नाही. चिडलेल्या पाद्रीने म्हणे सांगितलं, या टीममधला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो जिंकणार नाही.

मला स्वतःला हे पटत नाही. २०१६ ची फायनल बघा. डब्लिनने दोन गोल केले, पण ते दोन्ही मेयोच्याच खेळाडूंकडून आत गेले! तरीही मॅच १५-१५ बरोबरीत सुटली. रिप्लेमध्ये मेयो एका गुणाने हरली. २०१३ ला डब्लिनकडूनच एका गुणाने हरली होती, २०१७ ला परत तेच. त्या वेळी मेयोची शेवटची फ्री किक पोस्टवर आपटली. मग डब्लिनचा डीन रॉक निर्णायक किक मारायला धावला, तेव्हा मेयोच्या ली कीगनने अंगावरचं जीपीएस यंत्र काढून त्याच्या दिशेने फेकलं. नेम चुकला, रॉकची किक मात्र बरोबर वरून गेली. (इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी नोंद घ्यावी.)

खरं कारण साधं असावं. २०२२ च्या जनगणनेत मेयोत सुमारे १ लाख ३८ हजार माणसं होती आणि डब्लिनमध्ये साडेचौदा लाखांच्या आसपास. बाहेरून कुणाला आणायचं नाही, म्हणजे आहे त्यातूनच १५ निवडायचे. अशी टीम दहापट मोठ्या काउंटीला एका गुणापर्यंत आणते, हे कुणी मोजत नाही.

२०२१ च्या सेमीफायनलला तर मेयोने सलग सहा वर्षं चॅम्पियन असलेल्या डब्लिनला हरवलं. फायनल टायरोनशी होती. पेनल्टी मिळाली, ती हुकली, मॅचही गेली. पंधरा दिवसांनी १९५१ च्या टीममधले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट वारले.

म्हणजे शाप संपला. पुढच्याच वर्षी, २०२२ ला, मेयो क्वार्टर फायनललाच केरीकडून हरली.