आभारातली मागणी

सुबत्ता आली की माणसाला आभाराची गाणी सुचतात, असे आपण धरून चालतो. योहान सेबास्टियन बाखने १७३० मध्ये जर्मनीतल्या लाइप्झिग शहरी रचलेला १९२ क्रमांकाचा कॅन्टाटा या समजुतीला छेद देतो. कॅन्टाटा म्हणजे वाद्यमेळासह गायची, अनेक भागांची रचना. याचे शब्द मार्टिन रिंकार्ट या लुथरपंथी धर्मोपदेशकाच्या ‘नुन डांकेट आले गॉट’ या आभारस्तोत्राचे. १६३७ च्या प्लेगमध्ये रिंकार्टला आयलेनबुर्ग गावात हजारो दफनविधी करावे लागले, त्यांत पत्नीचाही होता. स्तोत्र त्या साथीतच लिहिले, ही कथा लोकप्रिय असली तरी ते १६३६ च्या सुमारास आधीच छापले गेले, असे मानतात. तरीही मुद्दा ढळत नाही. हे मुळात जेवणाच्या वेळची प्रार्थना म्हणून लिहिलेले पद, आणि १६१८ पासून पेटलेल्या युद्धात त्या घासाचीच शाश्वती नव्हती.

यावर कोणी म्हणेल, हालअपेष्टांत आभार मानायला लावणे म्हणजे सोसायला शिकवणे. स्तोत्राचे दुसरे कडवे याला उत्तर देते. त्यात मन आनंदी राहू दे, शांती लाभू दे, संकटातून सोडव, अशी मागणीच आहे. बाखने तिन्ही कडव्यांचा एक शब्दही बदलला नाही. पहिल्या व तिसऱ्या भागात समूह गातो आणि लोकांच्या ओळखीची जुनी चाल वरच्या पट्टीत लांब स्वरांनी चालते. मागणीचे कडवे मात्र त्याने फक्त दोन आवाजांना दिले. शेवटच्या भागाला तर चक्क नाचाचा ठेका आहे.

गडचिरोलीतल्या माडिया गोंडांच्या पंडुम सणांतही नवे पीक देवाला वाहिल्याशिवाय खात नाहीत, आणि गाव रेला गात नाचते. चर्चमधले शिकलेले गायक आणि जंगलातला गावसण यांची बरोबरी कशी, हा आक्षेप रास्त आहे. संगीत वेगळे, श्रद्धाही वेगळी. पण पोट भरण्याआधी, सगळ्यांनी मिळून मानलेले आभार दोन्हीकडे आहेत. तृप्ताने मानलेले आभार शिष्टाचाराचे असतात. उद्याची खात्री नसलेल्यांनी मानलेले आभार समाजाला धरून ठेवतात.  बाखची जेमतेम पाव तासाची ही रचना जरूर ऐकावी, आणि मधला भाग दोनदा.