भातपिकातील सूक्ष्म मित्रकीटक : फेअरीफ्लायचे वर्गीकरण व ओळख

तपकिरी तुडतुड्याची मादी भाताच्या पर्णकोषाच्या आत अंडी घालते. तेथे फवारणी सहसा पोहोचत नाही. पण एक मिलिमीटरपेक्षाही लहान असा मित्रकीटक पोहोचतो. तो या अंड्यांत स्वतःची अंडी घालतो आणि कालांतराने त्यांतून तुडतुड्याच्या पिल्लाऐवजी मित्रकीटकच बाहेर पडतो. ‘फेअरीफ्लाय’ म्हणून ओळखले जाणारे हे कीटक माशी नसून गांधीलमाशीच्या हायमेनोप्टेरा गणातील आहेत.

त्यांचे कुळ मायमॅरिडी होय. जगभरात या कुळातील सुमारे १०० प्रजाती व १,४०० हून अधिक जाती नोंदविल्या आहेत. ज्यांचा जीवनक्रम ज्ञात आहे, त्या जवळजवळ सर्व जाती इतर कीटकांच्या अंड्यांवर जगतात. याच कुळातील डायकोपोमॉर्फा एक्मेप्टेरिजिस या जातीचा नर केवळ ०.१३९ मिलिमीटर इतका लहान असू शकतो.

कुळ ओळखताना पंख पाहावेत. मागील पंख देठासारखा अरुंद असतो व पंखांच्या कडांना लांब केसांची झालर असते. डोक्यावर समोरून इंग्रजी ‘एच’ अक्षरासारख्या गडद पट्ट्या दिसतात. परिचित ट्रायकोग्रामाच्या पावलाला तीन खंड असतात, तर फेअरीफ्लायच्या पावलाला चार किंवा पाच. पुढे प्रजाती ठरविताना हीच खूण उपयोगी पडते : ॲनाग्रसमध्ये चार, तर गोनॅटोसेरसमध्ये पाच खंड आढळतात. मायमारचा पुढील पंख वल्ह्यासारखा असल्याने ती प्रजाती सहज ओळखता येते. जुनी पुस्तके वापरताना एक लक्षात ठेवावे : २०१५ मध्ये गोनॅटोसेरस गटाचे पुनर्वर्गीकरण झाले असून त्यातील अनेक जाती आता इतर प्रजातींत मोडतात.

जातीची ओळख मात्र सूक्ष्मदर्शकाखाली, स्पर्शिका व पंखांच्या काचपट्टीवरूनच निश्चित होते. हा केवळ नावाचा प्रश्न नाही. कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांत तुडतुड्यांच्या अंड्यांवरील मित्रकीटक पूर्वी ॲनाग्रस इपोस या एकाच नावाने ओळखला जाई. १९९८ मध्ये त्या नावाखाली अनेक जाती असल्याचे स्पष्ट झाले. हिवाळ्यात वेलींवर तुडतुड्यांची अंडी नसतात. त्या काळात हे मित्रकीटक आसपासच्या इतर झाडांवरील निराळ्या तुडतुड्यांच्या अंड्यांत तग धरतात. त्यामुळे जात चुकली, तर आश्रयासाठी राखलेले झाडही निरुपयोगी ठरू शकते.

विस्तार कार्यकर्त्यांनी तुडतुड्यांची अंडी असलेले भाताचे चूड परीक्षानळीत ठेवून तोंड बारीक कापडाने बांधावे. ॲनाग्रसने ग्रासलेली अंडी पुढे तांबूस दिसू लागतात. बाहेर पडलेले कीटक ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून पीक, यजमान कीड, गाव व दिनांक यांची पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी कुपीतच घालावी. यजमानाची नोंद नसलेला नमुना तज्ज्ञांच्या फारसा उपयोगी पडत नाही. ओळख पटविण्यासाठी नमुने कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे किंवा बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे पाठविता येतात.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांच्या फवारणीनंतर तुडतुड्यांचा पुन्हा उद्रेक होतो, यामागे मित्रकीटकांचा नाश हेही एक कारण आहे. म्हणून फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी चुडातील अंडी तपासावीत. त्यांत तांबूस अंडी बरीच आढळल्यास मित्रकीटकांचे काम सुरू आहे असे समजावे आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली नसल्यास फवारणी टाळावी.