मोटारीचा टवका आणि ओरखडा

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. फंडाचे पैसे हाती आल्यावर त्यांनी एक जुनी, पण नीट राखलेली मोटार घेतली. महिनाही झाला नसेल, तोच तळमजल्यावरच्या मुलाची सायकल दाराला घासून गेली आणि हातभर लांब पांढरी रेघ उमटली. मास्तर संतापले. मुलगा रडला, मुलाची आई फणकाऱ्याने बोलली आणि दोन्ही घरांचे येणे-जाणे थांबले.

चार दिवसांनी मी त्या रेघेवरून ओले फडके फिरवले, तर रेघ दिसेनाशी झाली! पाणी सुकल्यावर ती पुन्हा उमटली हे खरे. पण तेवढ्यावरून कळले की जखम अगदी वरवरची आहे. त्याच मोटारीच्या बोनेटवर मात्र मोहरीएवढा एक टवका उडालेला होता आणि त्यात तपकिरी ठिपका दिसत होता. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. श्रोतेहो, भांडण झाले ते निरुपद्रवी रेघेवरून, आणि खरा धोका बोनेटवर निवांत बसला होता!

असे का व्हावे? मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. खाली पोलादी पत्रा. त्यावर कारखान्यात विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर. त्यावर अस्तर, म्हणजे प्रायमर. मग आपल्याला दिसतो तो रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा किंवा त्याहून किंचित अधिक. पोस्टकार्डापेक्षाही पातळ असे हे चिलखत घालून आपली मोटार ऊन, पाऊस आणि खडी सोसत असते.

तेव्हा पहिला प्रश्न रेघ किती लांब आहे हा नाही; किती खोल आहे, हा आहे. त्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. जागा स्वच्छ धुऊन ओली करा. ओरखडा ओल्यात दिसेनासा झाला, तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे. नंतर नख हलकेच आडवे फिरवा. नख अडकले नाही तर चिंता नको. अडकले तर तो ओरखडा नव्हे, चरा समजावा. चऱ्याच्या तळाशी करडा किंवा मोटारीच्या रंगाहून वेगळा रंग दिसला तर अस्तर उघडे पडले आहे. चकचकीत धातू किंवा तपकिरी डाग दिसला तर पत्राच उघडा पडला, असे समजा.

पोलादाला पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाला की गंज सुरू होतो. खाऱ्या हवेत तो अधिक वेगाने चालतो. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईच्या मोटारवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. बरे, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो भोवतालच्या चांगल्या रंगालाही खालून उचलतो, तिथे फुगा येतो, पोपडा सुटतो आणि नव्या उघड्या पत्र्यात पाणी शिरते. काट्याचा नायटा होतो म्हणतात, तो असा. आजच्या पुष्कळ मोटारींच्या पत्र्यावर जस्ताचा लेप असतो, त्याने गंज लांबतो; कायमचा टळतो असे नाही. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो, तो गंजत नाही. तेव्हा बंपरवरच्या चऱ्याने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

आता उपाय. आधी वरवरचा ओरखडा. साबणाच्या पाण्याने जागा धुवा, कोरडी करा. मऊ, स्वच्छ फडक्यावर वाटाण्याएवढे बारीक रबिंग कंपाउंड घ्या आणि तेवढ्याच जागी हलक्या हाताने चोळा. थोडे चोळा, पुसा, पाहा. 'हलक्या हाताने' हे शब्द मी मुद्दाम म्हणतो आहे, बरं का! पूर्वीच्या पुष्कळ मोटारींवर पारदर्शक थर नसे. घासले की रंगच फडक्याला लागे, आणि रंग असे जाड. त्या काळची जोरजोरात रबिंग मारण्याची सवय आजच्या मोटारीला घातक आहे. पारदर्शक थर एकदा घासून संपला, की तो पॉलिशने परत येत नाही.

टवक्याची रीत वेगळी. तिथे घासून काही साधत नाही. तिथे भरावे लागते. प्रथम रंगाचा संकेत क्रमांक शोधा. बहुतेक मोटारींत तो दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. 'पांढरा द्या' असे दुकानात सांगून भागत नाही, कारण पांढऱ्यातही अनेक पांढरे असतात. त्या क्रमांकाची टच-अपची लहान बाटली घ्या. पत्रा उघडा असेल तर प्रायमरही घ्या.

जागा धुऊन वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, म्हणजे मेण आणि तेलकटपणा जाईल. इथे थिनर वापरू नका. तो आजूबाजूचा रंगही खाऊन टाकील. सुटलेला पोपडा अलगद काढा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरचा लहानसा तुकडा पेन्सिलीच्या टोकावर धरून तेवढाच ठिपका खरवडा, स्वच्छ धातू दिसेपर्यंत. गंजावरच रंग लावणे म्हणजे शत्रूला घरात घेऊन बाहेरून कडी लावणे होय.

मग दात कोरायच्या काडीच्या टोकाने प्रायमरचा एक थेंब टवक्यात सोडा. तो टवक्याच्या बाहेर पसरू देऊ नका. वाळला की बाटली चांगली हलवून रंगाचा पातळ हात द्या. बाटलीवर लिहिलेला वेळ थांबून दुसरा हात, मग तिसरा. रंग वाळताना आकसतो, म्हणून एका जाड थेंबापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे. जाड थेंब वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. शेवटी पारदर्शक थर द्या. भरलेली जागा किंचित उंच दिसली तरी चालेल. आठवडाभराने 2000 नंबरच्या वॉटर पेपरने, भरपूर पाणी घेऊन, ती सपाट करता येते. मात्र हात सरावलेला नसेल तर हा मोह टाळावा. जवळून पाहिले तर ठिपका दिसेल. दिसू द्या! आपल्याला पत्रा झाकायचा आहे.

हे काम सावलीत, मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. तापलेल्या बोनेटवर रंग लगेच सुकतो आणि नीट बसत नाही. भर पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने त्यावर धुरकट झाक येऊ शकते. म्हणून मे महिन्यातली एखादी सकाळ उत्तम. नाही तरी दसऱ्याला आपण मोटार धुऊन झेंडूची माळ घालतोच. पण तोवर पाऊस आपले काम करून गेलेला असतो. पूजेआधीची ती पाहणी एकदा पावसाआधीही करावी. घाटात खडीच्या ट्रकमागून प्रवास झाला असेल तर बोनेटची पुढची कड आणि चाकांमागचा पत्रा अवश्य पाहावा.

काही कामे मात्र कारागिराचीच. पत्रा चेपला असेल, रंगाखाली फुगे आले असतील किंवा हातभर चरा पत्र्यापर्यंत गेला असेल, तर गॅरेजची वाट धरावी. तिथे लांबी भरण्यापूर्वी गंज पूर्ण काढला की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

मास्तरांनी पुढच्या रविवारी बोनेटचा टवका भरायला घेतला. चष्मा लावूनही त्यांना काडीचे टोक नीट दिसेना. शेवटी त्यांनी जिन्यातून तळमजल्याला हाक मारली, "अरे, जरा वर ये बघू. तुझी नजर बारीक आहे." मुलगा भीतभीतच आला. थेंब त्यानेच सोडला. दारावरची रेघ मास्तरांनी अजून घासलेली नाही. "ओली केली की जाते," असे ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि तांब्याभर पाणी ओतून दाखवतात.