क्षेपणास्त्राच्या शेजारचा संसार

'ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी' ही बातमी वर्षातून कितीतरी वेळा आपल्या नजरेखालून जाते. भाजी निवडता निवडता आपण फोटो पाहतो, अभिमानाने दोन शब्द बोलतो आणि पान उलटतो. फोटोत धुराचा लोट असतो नि वर झेपावणारा बाण. पण मैत्रिणींनो, त्या फोटोच्या चौकटीबाहेर, दोन-तीन किलोमीटरच्या आत गावं आहेत. तिथे चुली आहेत, गोठ्यात गाई आहेत, घराघरांत म्हातारी माणसं आहेत. चाचणीच्या दिवशी त्या घरांचं काय होत असेल?

तुम्ही म्हणाल, चाचणीसाठी वस्तीची जागा धरलीच कशाला? त्याचं उत्तर समुद्रात आहे. चकलीचं पीठ भिजवलं की आपण आधी एकच चकली तळून पाहतो. ती हसली, तर मोहन जास्त झालं हे कळतं आणि पुढचा घाणा वाचतो. क्षेपणास्त्राचंही तसंच, उडवून पाहिल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. फक्त इथे बिघडलेला नग शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडतो. तो जमिनीवर पडून कसं चालेल? म्हणून पुढ्यात मोकळा समुद्र हवा. त्या वेळेपुरतं विमानांना नि जहाजांना त्या वाटेने येऊ नका असं आधी कळवतात. किनाऱ्यावर रडार नि दुर्बिणीचे कॅमेरे रोखलेले असतात. शिवाय क्षेपणास्त्र स्वतःच रेडिओवरून आपली खबर देत राहतं: आतली उष्णता किती, दाब किती, वेग किती. दवाखान्यात नर्सबाई नाडी आणि ताप लिहून ठेवतात ना, अगदी तसं. पुष्कळदा क्षेपणास्त्रापेक्षा ही टिपणंच जास्त मोलाची ठरतात.

ओडिशातल्या बालेश्वर शहरापासून सुमारे 16 किलोमीटरवरचं चांदीपूर यासाठी फार जुन्या काळापासून ठरलेलं. इथला समुद्र चमत्कारिकच म्हणायचा. ओहोटीला पाणी चार-पाच किलोमीटर मागे सरतं आणि पायाखाली ओल्या वाळूचं मैदान उघडं पडतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी इथे तोफा तपासायचं केंद्र काढलं ते याच सोयीसाठी. भरतीला गोळे डागायचे आणि ओहोटीला चालत जाऊन ते उचलून आणायचे.

1983 मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या देखरेखीखाली देशाचा क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तोफांची ही जागा अपुरी वाटू लागली. मोठं, कायमचं राष्ट्रीय चाचणी क्षेत्र हवं होतं. नजर गेली ती त्याच जिल्ह्यातल्या बालियापाल आणि भोगराई या भागांवर. आणि इथून पुढची कथा मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती बऱ्याच अंशी बायकांची आहे.

बालियापाल म्हणजे ओसाड वाळवंट नव्हे. भात, नारळ, काजू, भुईमूग, आणि सगळ्यांत मोलाचे पानमळे! इथलं विड्याचं पान बनारसपर्यंत जाई. पानमळ्याचं महत्त्व आपल्याकडच्या पानमळेवाल्या घरातल्या सुनेला वेगळं सांगायला नको. एकदा वेल लागला की तो वर्षभर पैसा देतो. शेताच्या लहानशा तुकड्यावर अख्खं घर चालतं. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही मळ्यात रोजची मजुरी मिळते. सरकारने नुकसानभरपाई, नवी घरं, नोकऱ्या असं सगळं देऊ केलं. पण भरपाई मिळते ती कागदावर नाव असणाऱ्याला. मजुरी करणाऱ्या बाईचं नाव कुठल्या कागदावर असणार? आणि रोख रक्कम हातात आली तरी ती घरात किती दिवस टिकते, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक आहे?

1985 च्या सुमारास बेत जाहीर झाला आणि पन्नास हजारांहून जास्त माणसांचं घरदार जाणार असं दिसू लागलं. लोकांनी गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर अडसर घातले. पहारे बसले. सरकारी गाडी येताना दिसली की शंख फुंकायचा, थाळ्या बडवायच्या! एका गावाचा शंख दुसरं गाव ऐके, दुसऱ्याचा तिसरं, आणि पाहता पाहता माणसं हातातलं काम टाकून रस्त्यावर येत. बायका नि मुलं पुढे होऊन रस्त्यात आडवी पडत. जो शंख संध्याकाळी देवापुढे फुंकायचा आणि ज्या थाळीत जेवायचं, तीच त्यांची हत्यारं झाली. लोकांनी कर भरणं बंद केलं. सरकारी अधिकाऱ्यांना त्या भागात पाऊल टाकणं वर्षानुवर्षं जमलं नाही. वसुधा जोशी आणि रंजन पालित यांनी या लढ्यावर 'व्हॉइसेस फ्रॉम बालियापाल' हा माहितीपट केला आहे. मिळाला तर जरूर पाहा.

शेवटी बालियापालला चाचणी क्षेत्र झालंच नाही. पानमळे राहिले.

मग क्षेपणास्त्रं उडाली कुठून? तर चांदीपूरहूनच. तिथे तात्पुरतं म्हणून जे चाचणी क्षेत्र उभं केलं होतं, त्याच्या इंग्रजी नावातच 'इंटरिम' म्हणजे तूर्तातूर्त असा शब्द होता. आपल्या घरात नाही का, पाहुण्यांपुरती म्हणून काढलेली खाट पुढे वीस वर्षं हलत नाही? तसंच झालं. नावातला 'इंटरिम' जाऊन 'इंटिग्रेटेड' आला, आणि तात्पुरतं ते कायमचं झालं. 22 मे 1989 ला पहिलं 'अग्नी' इथूनच उडालं. त्याआधी दोनदा ऐनवेळी उड्डाण थांबवावं लागलं होतं आणि वर्तमानपत्रांनी बरीच टिंगल केली होती. 1993 मध्ये मुख्यमंत्री बिजू पटनायक यांनी धामऱ्याजवळचं व्हीलर बेट दिलं. 2015 पासून त्याला डॉ. कलामांचं नाव आहे. लांब पल्ल्याची उड्डाणं तिथून होतात. 5,000 किलोमीटर पल्ल्याच्या 'अग्नी-5' ची पहिली चाचणी 19 एप्रिल 2012 ला तिथेच झाली. त्या कामात पुढाकार असलेल्या डॉ. टेसी थॉमस केरळच्या, पण क्षेपणास्त्रांचं शिक्षण त्यांनी आपल्या पुण्यात घेतलं. संसार नि मूल सांभाळून हे काम केलेल्या बाईचं कौतुक वाटतंच, आणि का वाटू नये?

तरी बेटाभोवतीच्या कोळ्यांकडेही पाहायला हवं. जवळच गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं लाखोंनी अंडी घालायला येतात. म्हणून तिथे 1 नोव्हेंबर ते 31 मे मासेमारी बंद असते. त्याला लागूनच पूर्व किनाऱ्यावरची जूनच्या मध्यापर्यंतची बंदी, आणि अधूनमधून चाचणीसाठी समुद्र बंद. कोळणीने मासे सुकवायचे ते कधी नि विकायचे कधी? कासवांचं रक्षण व्हावं याबद्दल दुमत नाही. त्यांच्यासाठी जानेवारी ते मार्च चाचण्या थांबवायचंही 2024 च्या अखेरीस ठरलं. पण सगळ्या बंद्यांची बेरीज एकाच घराच्या डब्यात होते, ती कोणी मांडलेली दिसत नाही.

आता चांदीपूरच्या त्या शेजारणींचं. 24 जुलै 2024 ची चाचणी घ्या. येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडायचा तो प्रयोग होता. साडेतीन किलोमीटरच्या आतल्या दहा गावांतली दहा हजारांहून जास्त माणसं त्या दिवशी घराबाहेर काढली. जिल्हा प्रशासनाने शाळांतून आणि मांडवांतून त्यांची सोय केली. मोठ्यांना नि मुलांना ठरावीक पैसे मिळतात, जेवणाचे वेगळे. कोणी म्हणेल, एका दिवसाची तर गोष्ट! पण जुलै म्हणजे ओडिशात भातलावणीचे दिवस. कुलूप लावायचं, म्हातारीला हाताला धरून न्यायचं, तान्ह्याचे कपडे नि औषधाची बाटली पिशवीत टाकायची, नि गुरं मागे सोडायची. पुढच्या चाचणीला पुन्हा तेच. बालियापालच्या बायकांचं घर एकदाच जायचं होतं, ते त्यांनी जाऊ दिलं नाही. या बायकांचं घर कधीच जात नाही, फक्त वेळोवेळी रिकामं होतं. म्हणूनच बहुधा त्यांच्यासाठी कोणी शंख फुंकत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी 4 वाजून 20 मिनिटांनी धामऱ्याहून लक्ष्य उडालं आणि चारच मिनिटांनी चांदीपूरहून ते पाडणारं क्षेपणास्त्र. चाचणी यशस्वी झाली. त्यानंतर मांडवातल्या बायकांना घरी जायची मोकळीक मिळाली. धारांची वेळ टळत आलेली, आणि रात्रीचा भात अजून चढायचा होता.