दुकानातील संगणकावर पहारा : खर्च थोडा, सावधगिरी मोठी

मोमिनपुरा, इतवारी, गांधीबाग या भागांतील पुष्कळ दुकानांत आता बिल संगणकावर निघते. जीएसटीचा हिशेब, उधारीची खाती, गोदामातील साठा सारे त्यातच असते. तो बंद पडला की धंदा थांबतो. परंतु अनेक बिघाड एकाएकी होत नाहीत. हार्ड डिस्क हळूहळू भरत जाते, यूपीएसची बॅटरी कमजोर होते, बॅकअप कित्येक दिवस निघालेलाच नसतो. त्याकडे कोणाचे लक्ष नसते, एवढेच.

हे लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. अमेरिकेतील इथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये 'नेटसेंट' काढले. २००२ पासून ते 'नागिओस' म्हणून ओळखले जाते. लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांचे 'झॅबिक्स' २००१ मध्ये लोकांसमोर आले. दोन्ही 'ओपन सोर्स' आहेत, म्हणजे प्रोग्रामची मूळ मांडणी कोणालाही पाहता व बदलता येते. नागिओसची मूळ आवृत्ती आणि झॅबिक्स यांना परवान्याचे पैसे पडत नाहीत. बसवून देणाऱ्या जाणकाराची मजुरी मात्र द्यावी लागते.

काम सोपे आहे. एका वेगळ्या, जुन्या का होईना, संगणकावर लिनक्स घालून हे सॉफ्टवेअर बसवतात. ते दर काही मिनिटांनी इतर यंत्रांची विचारपूस करते : चालू आहेस का? डिस्क किती भरली? इंटरनेट आहे का? ठरवलेली मर्यादा ओलांडली की मालकाला ईमेल किंवा मोबाईलवर संदेश जातो.

पण पहारेकऱ्याचा प्रत्येक शब्द खरा धरू नये. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. देशभर बातमी झाली. त्याच दिवशी दुसऱ्या केंद्रांवर आकडा ४४ अंशांच्या आसपास होता. पुढे हवामान खात्याने सेन्सरमधील बिघाड हे कारण सांगितले. संगणकाचेही असेच आहे. एकदा उत्तर आले नाही म्हणून लगेच ओरड नको; लागोपाठ तीन तपासण्या चुकल्या तरच संदेश जावा, अशी सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरावी. रोज खोटी हाक ऐकणारा मालक शेवटी फोनच गप्प करतो, आणि खरी हाक त्यातच हरवते.

उलट धोकाही आहे. पहारेकरीच झोपला तर सर्वत्र शांतता दिसते. म्हणून तो बिलाच्याच संगणकावर बसवू नये. वीज गेली तर त्याला वेगळा यूपीएस असावा. महिन्यातून एकदा दुकान बंद करताना नेटवर्कची केबल मुद्दाम काढून संदेश येतो का ते पाहावे. बॅकअपमधील एखादी फाईलही उघडून पाहावी.

छोट्या व्यापाऱ्याने सुरुवातीला तीनच गोष्टींवर पहारा ठेवावा : डिस्क, बॅकअप आणि यूपीएस. खातेवही सुरक्षित राहिली, तर बाकीचे नुकसान भरून काढता येते.